वेलाफीची मापुतोची तयारी

रविवारी दुपारी जेवताना, मक्याच्या उकडीचा दुसरा गोळा मोडता मोडता वेलाफी माम्बाने सांगून टाकलं, "ऑगस्टात मला चार दिवसांची रजा मिळाली आहे. मी सरहद्दीपलीकडे मापुतोला जाणार. एकटा. शिटा भरून सुटणाऱ्या कोंबी गाडीने."

त्याच्या थोरल्या बहिणीने, टेंगेटिलेने, हातातला डाव पातेल्यात ठेवला. "कशाला?"

"कोळंबी खायला."

"कोळंबी इथे मान्झिनीतही मिळते."

"ती बर्फातली. तिला बर्फाचीच चव असते."

"आणि एकटा म्हणजे?"

"एकटा म्हणजे सोबत कोणी नाही. ना तू, ना लोंडिवे, ना चर्चमधला कोणी पुण्यवान माणूस."

लोंडिवे ही टेंगेटिलेची एकोणीस वर्षांची मुलगी. ती हसली आणि आईने बघितल्यावर ताटाकडे वळली.

वेलाफी सहा वर्षांचा असताना गोवर येऊन त्याचे डोळे गेले. आता तो पन्नाशीला आला होता. बावीस वर्षं गावातल्या एका दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डवर बसत होता, आणि आवाजावरून माणूस ओळखण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. परदेशही त्याला नवा नव्हता. चर्चच्या गायकांबरोबर एकदा तो डर्बनला गेला होता आणि कामाच्या प्रशिक्षणासाठी दोनदा जोहान्सबर्गला. पण तिन्ही वेळा दुसऱ्याच्या कोपराला धरून. गाडीत बसवलं, उतरवलं, खुर्चीत ठेवलं, "हा बघ समुद्र" म्हणून सांगितलं आणि परत आणलं. बटाट्याचं पोतंही एवढा प्रवास करतं, असं तो म्हणायचा.

तयारीला तो दुसऱ्याच दिवशी लागला. शोंग्वेबाई नावाची एक व्यापारीण चौदा वर्षं दर पंधरवड्याला मापुतोहून जुने कपडे आणून विकत होती. तिचा नवरा वॉर्डात होता, म्हणून ती रोज फोन करायची. वेलाफीने तिला वॉर्ड जोडून देण्याआधी विचारलं, "मावशी, लोमाहाशाला सरहद्दीच्या नाक्यावर कोंबी थांबते, तिथून पासपोर्टवर शिक्का मारायच्या कचेरीचं दार किती पावलांवर आहे?"

"बाई गं! पावलं कोण मोजतं, भाऊ?"

"आता तुम्ही मोजा. पुढच्या खेपेला."

तिने खरोखर मोजली. पंधरा दिवसांनी फोनवर धापा टाकत म्हणाली, "एकशे बारा. जाताना एका बाईने धक्का मारला आणि आकडा विसरले, म्हणून येताना पुन्हा मोजली. लोक म्हणाले शोंग्वेबाईला नवऱ्याच्या काळजीने वेड लागलं. आणि ऐका, दाराच्या अलीकडे दोन पायऱ्या आहेत. उजवीकडे लोखंडी कठडा. आपल्या बाजूचा शिक्का झाला की चालत पलीकडे जायचं, तिथे दुसरा शिक्का. तुमची कोंबी पलीकडे जाऊन थांबते, पण ड्रायव्हरला चेहरा दाखवून ठेवा."

"चेहरा नको. आवाज ऐकवून ठेवतो."

हे सगळं वेलाफी जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदांवर टोचणीने ब्रेलमध्ये उतरवून घेत होता. कोणती कोंबी किती वाजता भरायला लागते, शेवटची थेट गाडी किती वाजता सुटते, ती चुकली तर कुठे उतरून दुसरी धरायची. मापुतोत अशाच गाड्यांना चापा म्हणतात. त्यांचे थांबे त्याने शोंग्वेबाईकडून ओळीने वदवून घेतले. मग दवाखान्याचा नाही, स्वतःचा फोन काढून त्याने मापुतोतल्या एका छोट्या लॉजवर फोन लावला. तिथला आन्सेल्मो नावाचा माणूस बारा वर्षं दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत काढून आलेला, त्यामुळे वेलाफीला कळणारी झुलू भाषा फाडफाड बोलत होता.

"तळमजल्यावरची खोली देतो, भाऊ. तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"दिसत नाही म्हणालात ना?"

"म्हणालो. तुमच्या खाणीत तरी खाली कोणाला दिसत होतं?"

आन्सेल्मो बराच वेळ हसत राहिला. मग त्याने थांब्यापासून लॉजपर्यंतची वळणं एकेक करून सांगितली आणि वेलाफीने ती त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतली.

घरी मात्र टेंगेटिले हटायला तयार नव्हती. लोंडिवेला बरोबर ने, नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीने जा, नाहीतर पुढच्या वर्षी सगळेच जाऊ. शेवटी एका संध्याकाळी ती म्हणाली, "आधी लोमाहाशाच्या नाक्यापर्यंत एकटा जाऊन ये. मग बोलू."

"शनिवारी जातो," वेलाफी म्हणाला. त्याने कागदावर तसं आधीच लिहून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी तो स्टँडवर गेला, हाका ऐकत बरोबर कोंबीपाशी पोचला आणि ड्रायव्हरच्या मागची जागा धरून बसला. वाटेत शेजारच्या बाईने त्याच्यासाठी संत्रं सोलायला घेतलं. त्याने ते तिच्याकडून काढून स्वतः सोललं आणि अर्धं तिलाच दिलं. लोमाहाशाला उतरून तो पावलं मोजत निघाला. एकशे बारा शोंग्वेबाईची होती. ती बुटकी असणार, हे त्याने गृहीत धरलं होतं. त्याची सत्त्याण्णव भरली. दोन पायऱ्या, उजवीकडे कठडा. त्याने दाराच्या चौकटीवर तळवा ठेवला, क्षणभर तसाच उभा राहिला आणि वळला. चारच्या आत तो घरी चहा पीत बसला होता.

टेंगेटिलेने त्याला धड काही विचारलं नाही. ती दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. तिसऱ्यांदा येऊन म्हणाली, "लोंडिवे कुठे आहे?"

"मला काय माहीत? सकाळपासून घरात नव्हतो मी."

तेवढ्यात टेंगेटिलेचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला आणि खुर्चीत बसली. "कुठे? कुठे म्हणालीस?"

वेलाफीने हात पुढे केला. "दे इकडे."

लोंडिवे रडवेली झाली होती. "मामा, माझा फोन बंद पडला, फळवालीचा घेतलाय. रागावू नकोस. आईने मला तुझ्या मागे पाठवलं होतं."

"मग मागे राहिलीसच की."

"तू दाराला हात लावून वळलास ना, तोवर मी होते. मग भूक लागली. कणीस घ्यायला गेले, तर तुझी कोंबी निघूनसुद्धा गेली. तेव्हापासून वाट बघतेय, आता मान्झिनीची गाडीच नाही म्हणतात."

"कणीस खाल्लंस?"

"हो."

"बरं झालं. आता ऐक. थेट गाडी गेली. फळवालीच्या पाठीमागे वाटेतल्या सिमुन्ये गावाच्या गाड्या भरतात, त्यांचा पोऱ्या खिडकीचा पत्रा बडवतो, ऐकू येतंय? तिच्यात बस. सिमुन्येला उतरून जागची हलू नकोस, मान्झिनीची त्याच कडेला लागते. सहाच्या आत मिळेल. ड्रायव्हरशी चार शब्द बोलून ठेव, म्हणजे तो तुला विसरणार नाही."

त्याने फोन बहिणीच्या हातात परत दिला. मग टेंगेटिले म्हणाली, "तिला ओरडू नकोस."

"तिला कशाला ओरडू? ती आपण होऊन गेली नाही."

"तू सहाचा होतास, मी अकराची," टेंगेटिले म्हणाली. "आई म्हणाली होती, याचा हात सोडू नकोस. मग आई गेली. आता सोड, असं मला कोणी सांगितलंच नाही."

वेलाफीचा राग खरा होता. रात्रभर बाळगता आला असता एवढा. पण हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. तो चाचपडत तिच्या खुर्चीशी गेला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी सांगतोय, ताई. बास झालं."

लोंडिवे सव्वासातला आली. तिला उकड गरम करून वाढली गेली आणि मापुतोचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

ऑगस्टात तो गेला. टेंगेटिलेने सहा उकडलेली अंडी बांधून दिली आणि फाटकातूनच निरोप दिला. नाक्यावर कोंबी नेमकी भलत्याच जागी थांबली आणि मोजलेली पावलं फुकट गेली. त्याने मोठ्याने विचारलं, "शिक्क्याची रांग कुणीकडे?" तीन जणांनी तीन दिशा सांगितल्या, त्यातला जो आवाज स्वतः चालत होता, त्याच्या मागे तो गेला. पलीकडे ड्रायव्हरने त्याला लांबूनच हाक मारली.

आन्सेल्मो अंगाने रेड्यासारखा निघाला आणि त्याची वळणं अचूक निघाली. वेलाफीने दोन दिवस कोळंबी खाल्ली, लसूण आणि तिखट लावून निखाऱ्यावर भाजलेली, बोटं पोळेपर्यंत. तिसऱ्या दिवशी तो चुकीच्या चापात बसला. कागदावर नसलेले थांबे यायला लागले, तेव्हा त्याने कागद पुन्हा एकदा बोटांनी वाचून काढला. मग त्याला वाटलं, गाडी आहे, कुठेतरी संपणारच. ती एका बाजारापाशी संपली. तिथे त्याने पाव आणि गोड चहा घेतला, पाववालीच्या बाकावर बसून तासभर तिची गिऱ्हाइकांशी चाललेली भांडणं ऐकली आणि त्याच गाडीने परत आला. त्या दिवसाबद्दल पुढे तो कोळंबीपेक्षा जास्त बोलायचा.

चौथ्या दिवशी दुपारी तो मान्झिनीच्या स्टँडवर उतरला. पाय सुजले होते, सदऱ्याला लसणाचा वास होता. दहा पावलं गेला नाही तोच बाजूला कोणीतरी खाकरलं.

"कोबी घ्यायला आले होते मी," टेंगेटिले म्हणाली.

"मिळाला?"

"चांगला नव्हता."

"असं होतं कधीकधी," वेलाफी म्हणाला, आणि दोघं घराच्या वाटेला लागली. वाटेभर तोच बोलत होता.