कंबरभर पाणी

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बाविसाव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर उभा राहून, पायाखाली काळोख आ वासून असताना, तो मजेत शीळ घालत नटबोल्ट आवळायचा. त्याला कशाची भीती वाटत असेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्याच्या बायकोच्याही नाही.

म्हणून तिनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून "हे बघ!" म्हटलं आणि त्याचा घास तोंडातच फिरायला लागला, तेव्हा तिला वाटलं की भाजीत मीठ कमी पडलंय.

पडद्यावर भूमध्य समुद्राकाठचं एक शहर होतं. पांढरी घरं, लख्ख ऊन, आणि घरांच्या पायऱ्या जिथं संपतात तिथून थेट पाणी. बायको दातांच्या दवाखान्यात कामाला होती. कित्येक वर्षांत तिनं सलग चार दिवस रजा घेतली नव्हती, आणि आता तिनं आठ दिवसांचा बेत आखला होता.

"ही खोली. गॅलरीतून दहा पायऱ्या उतरलं की समुद्र. दुसऱ्या दिवशी बोट. बोट एका गुहेत जाते आणि तिथं सगळ्यांना पाण्यात उतरवतात. पाणी इतकं स्वच्छ, की तळ दिसतो."

"किती खाली दिसतो?"

"मी काय टेप घेऊन मोजायला गेले होते?"

नऊ वर्षांची लेक पोहायचा चष्मा डोळ्यांवर चढवूनच जेवत होती. घरात तिला चिमणी म्हणत. "बाबा, तू मला खांद्यावर घेऊन आत जायचंस हं. माझे पाय पुरत नाहीत तिथपर्यंत."

"बघू," तो म्हणाला.

पुढचे पंधरा दिवस तो सबबी शोधत राहिला. ऊन सोसत नाही म्हणाला, तर बायकोनं टोपी आणली. विमानात कान दुखतील म्हणाला, तर तिनं दवाखान्यातून कापूस आणला. डोंगरावर जाऊ म्हणाला, तर चिमणीनं भोकाड पसरलं. झोपेत त्याला त्या दहा पायऱ्या दिसायच्या. तो उतरत जायचा आणि पायऱ्या संपायच्याच नाहीत. पाणी गुडघ्याला, छातीला, हनुवटीला. मग दचकून जागा व्हायचा.

शेवटी तो खोटं बोलला. "साहेबांनी रजेला नाही म्हटलं."

बायकोनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "ठीक आहे. आम्ही दोघी जाऊन येतो."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं. आता पायऱ्यांवरून चिमणी उतरताना दिसायला लागली, आणि तो हजारो मैल लांब.

त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी ऑफिसातून फोन आला. एका इमारतीच्या तळघरात पाण्याचा मोठा पाइप फुटला होता आणि लिफ्टमध्ये एक बाई अडकल्या होत्या. तो आणि त्याचे जोडीदार, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, दहा मिनिटांत पोचले. मास्तरांनी मेन स्विच पाडला, दोनदा तपासला आणि हातानं ब्रेक सोडून लिफ्ट वर घ्यायला ते गच्चीवरच्या मशीनखोलीत गेले. थोड्या वेळानं त्यांचा फोन आला.

"बोटभरही हलत नाही. खाली काहीतरी अडकलंय. जाऊन बघ."

"बंबवाल्यांना येऊ द्या की."

"त्यांना अर्धा तास लागेल. पाणी थांबणार आहे का अर्धा तास?"

तळघराच्या जिन्यावर तो बॅटरी घेऊन उभा राहिला. खाली काळं पाणी हलत होतं. त्यावर रबरी चपला, पुठ्ठे आणि एक बादली तरंगत होती.

"कुणी आहे का?" आतून आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा.

"आहे. पाणी कुठवर आलंय तुमच्या?"

"कमरेच्या वर. दार वीतभर उघडून बसलंय. मधे फळी घुसलीय, मला काही ती निघत नाही." मग जरा थांबून, "तुम्हाला पोहता येतं ना हो?"

"नाही."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या.

तो उतरला. एक हात भिंतीवर. गुडघे, मांड्या, कंबर. गार पाणी शर्टात शिरलं तसा श्वास वरच्या वर अडकायला लागला. दहा पावलांवर काहीतरी बुळबुळीत पायाखाली आलं आणि तो आडवा झाला. पाणी डोक्यावरून गेलं. कानांत तोच घुमणारा आवाज आला, जो त्यानं तीस वर्षांपूर्वी ऐकला होता. हात सिमेंटला घासले, बॅटरी गेली, नाकातोंडात पाणी. पायाला जमीन लागली तेव्हा तो उभा राहिला आणि मागे वळून जिन्याकडे धावत सुटला. तीन पायऱ्या चढून तो भिंतीला धरून ओकला.

"गेलात का?" अंधारातून बाईंनी विचारलं. ओरडून नाही. अगदी हळू.

त्याला खरंच जायचं होतं. हे त्याला पुढे कधी विसरता आलं नाही. वर ऊन होतं, रस्ता होता, आणि कुणी त्याला नावं ठेवली नसती.

"नाही," तो म्हणाला. "बोलत राहा. मी आवाजावर येतो."

"काय बोलू?"

"काहीही."

बाई पाढे म्हणायला लागल्या. एकोणतिसाचा पाढा, कापऱ्या आवाजात. एकोणतीस सक्कंपर्यंत तो दारापाशी पोचला होता. फळी दोन्ही हातांनी धरून त्यानं अंग मागे टाकलं. ती सुटली तेव्हा तो पुन्हा गळ्यापर्यंत पाण्यात गेला आणि पाण्यातच रडला. मग पाठ एका दाराला आणि पाय दुसऱ्याला लावून त्यानं दार ढकललं. बाई बाहेर आल्या. जिन्यापर्यंत त्यांनी त्याची कॉलर सोडली नाही आणि त्यानं त्यांचं मनगट. कोण कुणाला नेत होतं, देव जाणे.

तो कपडे बदलायला घरी आला, तेव्हा बायकोही दवाखान्यातून जेवायला आली होती. तो न्हाणीघरात असताना साहेबांचा फोन आला. तिनं उचलला. नवऱ्याचं कौतुक ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं आहे तर आठ दिवस रजा का नाकारलीत हो?"

"कुठली रजा? त्यानं मागितलीच नाही."

तो बाहेर आला तेव्हा ती टेबलापाशी हाताची घडी घालून बसली होती. "आता सांग. माशी कुठं शिंकली?"

त्यानं सांगितलं. सात वर्षांचा असताना थोरल्या भावानं गंमत म्हणून त्याला बांधकामावरच्या टाकीत ढकललं होतं आणि वरून झाकण लावलं होतं. शंभर मोजून उघडलं. "कुणाला सांगितलंस तर याद राख" म्हणाला होता. त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"मला तरी?" बायकोचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता. "तू तोंडावर पाणी मारत नाहीस, ओल्या टॉवेलनं पुसतोस. बारा वर्षं बघतेय. मला वाटलं, आळशी आहेस." मग तिनं विचारलं, "आज उतरलास. गेली का भीती?"

"नाही. वाढली. आणि तुम्ही दोघीच जाणार म्हणालीस, तेव्हापासून नुसता जीव टांगणीला लागलाय."

संध्याकाळी तिघं पुन्हा लॅपटॉपपुढे बसले. चिमणीला बायकोनं सगळं सांगितलं होतं. तिनं चष्मा कपाळावर सरकवला. "बाबा, तू खूप घाबरतोस?"

"खूप."

ती विचारात पडली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस वगैरे शाळेतलं काही ती बोलली नाही.

बायकोनं पायऱ्यांवरची खोली काढून टाकली. शहराच्या वरच्या अंगाला, टेकडीवर, एक खोली सापडली. तिथून समुद्र फक्त लांबून दिसत होता. बोट ठेवायची की नाही यावर बराच खल झाला. चिमणी आधी तलावावर शिकेल, मग आईबरोबर बोटीनं जाईल, असं ठरलं.

"आणि मी धक्क्यावर बसेन," तो म्हणाला. "तुम्ही परत येईपर्यंत हलणार नाही."

"दाबू बटण?"

पडद्यावरच्या त्या निळ्या रंगाकडे बघणंही त्याला जड जात होतं.

"दाब," तो म्हणाला. त्याचे तळहात घामानं चिंब झाले होते. चिमणीनं त्यातला एक आपल्या मुठीत धरून ठेवला.