शेखरच्या शब्दावर

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हिरामण त्या केंद्राच्या फाटकातही पाऊल टाकणारा नव्हता. त्र्यंबक रोडवरून आत वळून, धरणाच्या कडेला बांधलेलं ते ‘आनंदतीर्थ’. सात दिवसांचं शिबिर. फोन पहिल्याच दिवशी कपाटात बंद, सकाळी श्वसन, दुपारी मौन, संध्याकाळी काशाच्या भांड्यांच्या घुमण्यात उताणं पडून राहायचं आणि खायला काय, तर फळांचा रस. एवढं केलं की शरीर आपलं आपण बरं होतं आणि मन वरच्या अवस्थेत जातं म्हणे. ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाला हे ‘म्हणे’ कुठून पचणार?

पण सांगणारा शेखर होता. कारखान्यात दोघांची जोडी होती. महत्त्वाच्या कामावर दोन तपासनिसांच्या सह्या लागत. आधी शेखर तपासायचा, मग हिरामण तेच काम पुन्हा पहिल्यापासून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. नियमच होता तसा आणि दोघांनी तो कधी मोडला नाही. तीस वर्षांत शेखरच्या सहीखाली हिरामणला एकदाही खोट सापडली नव्हती. असा माणूस घरी आला, चहात दोन चमचे साखर मागून घेतली आणि म्हणाला, “सहा महिने झाले, इन्सुलिन बंद. एक टोचणी नाही. वहिनींना घेऊन चल.”

मोहिनीला, म्हणजे हिरामणच्या बायकोला, सोळा वर्षांचा मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. ती म्हणाली, “एकदम बंद करायचं म्हणजे भीती वाटते हो.”

“शेखर म्हणतोय ना? मग झालं,” हिरामण म्हणाला. मोहिनीने इंजेक्शनांचा डबा फ्रिजमध्येच ठेवला आणि बॅग भरली.

पहिले दोन दिवस मजेत गेले, खोटं कशाला बोला. केंद्र चालवणाऱ्या तेजस्विनी मॅडम गोड बोलत. शरीराला सगळं कळतं, आपण उगाच मध्ये लुडबुड करतो, असं त्या प्रत्येक बैठकीत सांगत. शेखर पांढऱ्या कुडत्यात पहिल्या रांगेत बसे, आणि नवी आलेली माणसं चक्क त्याच्या पाया पडत. कँटीनमध्ये वड्यासाठी कोपर मारून पुढे घुसणारा हा गडी! हिरामणला हसू दाबणं कठीण जाई.

तिसऱ्या दिवशी मोहिनीची तहान भागेना. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची आणि सारखी बाथरूमला जायची. दुपारी तिने हिरामणचा हात धरला. “मला घरी न्या. नाहीतर इंजेक्शन तरी मागवा. एकच.”

“शेखरला विचारून येतो,” असं म्हणून हिरामण गेला.

“मलाही अस्संच झालं होतं,” शेखर म्हणाला. “विष बाहेर पडतंय. उद्या बघ.”

हिरामणने परत येऊन तिला तेच सांगितलं. संध्याकाळी तिने पुन्हा मागितलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा तो थोडा चिडलाच.

त्याच दुपारी दालनात सगळे मौनात बसले असताना मोहिनी कलंडली. डोळे अर्धवट उघडे, तोंडाने पुटपुटणं चाललेलं. हिरामण जवळ गेला तर त्याला तिने आपल्या भावाच्या नावाने हाक मारली. तेजस्विनी मॅडमनी हात जोडले. “बघा, ताई अवस्थेत गेल्या!” माणसं भोवती जमली. एक बाई तर रडायला लागली. आणि सांगायला लाज वाटते, पण घटकाभर हिरामणलाही अभिमान वाटला. एवढ्या लोकांत आपल्याच बायकोला ते साधलं म्हणून.

मग तो खाली वाकला. तिच्या श्वासाला सडलेल्या फळासारखा वास येत होता आणि छाती भात्यासारखी चालली होती. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो शेखरच्या खोलीकडे धावला.

दार नुसतं लोटलेलं होतं. शेखर खाटेवर बसला होता. कुडता वर केलेला, आणि हातातलं इन्सुलिनचं पेन पोटात टोचलेलं. उशाशी बर्फाचा थर्मास.

“हे काय हाय?” हिरामणने विचारलं.

शेखरने पेन लपवलं नाही. “मला लागू पडलं नाही रे. पहिल्याच शिबिरातून दवाखान्यात गेलो होतो. घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही.”

“आन् मला काल म्हणालास, मलाही असंच झालं होतं!”

“झालंच होतं की.” शेखरने मान खाली घातली. “पुढचं सांगितलं नाही. मला वाटलं, खोट माझ्यातच असेल. बाकीच्यांना गुण येतो, वहिनींनाही येईल. आणि इथं लोक मला मानतात, हिरामण. घरी मला कुणी जेवलास का म्हणूनही विचारत नाही.”

हिरामणला त्याची कीव आली असती, दुसऱ्या कुठल्याही दिवशी. केसाने गळा कापला होता त्याने. ज्याच्यावर आंधळा विश्वास टाकावा असा आयुष्यात एकच माणूस मिळाला होता, आणि तो पोटात सुई खुपसून समोर बसला होता. “तुझं तोंड पुन्हा नाय बघायचं मला,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

त्याने केंद्राच्या माळ्याच्या मदतीने मोहिनीला गाडीत घातलं. “त्यांना असं मध्येच उठवू नका,” म्हणत तेजस्विनी मॅडम आडव्या आल्या, तेव्हा आयुष्यात कुठल्या बाईला बोलला नव्हता ते तो त्यांना बोलला. नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “आणखी दोन तासांनी आणलं असतं तर काही खरं नव्हतं.”

तिसऱ्या दिवशी मोहिनी नीट शुद्धीवर आली. हिरामणने खुर्ची खाटेला चिकटवली आणि तिला सगळं सांगितलं. पेन, थर्मास, पांढरा कुडता. शेखरला शिव्या घालताना त्याचा आवाज इतका चढला की नर्सने दोनदा आत डोकावून पाहिलं. “फसवलं त्यानं आपल्याला,” तो शेवटी म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.



“भाऊजींनी तुम्हाला फसवलं,” मोहिनी म्हणाली. “मी त्यांच्या भरवशावर कुठं आले होते? मी तर तुमच्या भरवशावर आले होते. तीनदा इंजेक्शन मागितलं तुमच्याकडे.”

 तिच्या हातावर ठेवायला हिरामणने हात पुढे केला, तेवढ्यात तिने आपला हात पांघरुणात ओढून घेतला.

“रोशनीला फोन लावा,” ती म्हणाली. रोशनी त्यांची मुलगी, सिन्नरला दिलेली. “डिस्चार्ज मिळाला की न्यायला ये म्हणावं.”

“तिला कशाला त्रास? मी नेतो ना घरी.”

“घरी नाही. तिच्याकडे जायचंय मला.”

“किती दिवस?”

“तुम्ही नंबर लावून द्या,” मोहिनी म्हणाली. “बाकीचं मी बोलते.”