कोळवणच्या पिल्लांचा हीटर

मित्रांनो, मी दोन दांड्यांचा एक जुना रूम हीटर. बिघडलेला म्हणून माझी फार बदनामी झाली, तेव्हा खरं काय घडलं ते माझ्याच तोंडून ऐका.

कोळवणात बंडोपंतांचं फार्महाउस आहे. तिथे वर्षातून चार दिवस मी त्यांचे पाय शेकायचो आणि उरलेले दिवस माळ्यावर धूळ खायचो. यंदा त्यांनी मला राखणदारीण रंभाबाईंना देऊन टाकलं. रंभाबाईंनी मोठ्या हौसेनं कोंबडीची पन्नास पिल्लं आणली होती. स्वतःच्या बळावर मांडलेला त्यांचा हा पहिलाच धंदा. थंडी मरणाची. त्यांनी खुराड्यात भाताचं तूस अंथरलं आणि पिल्लांना ऊब द्यायला बल्ब टांगतात तसं मला तारेनं वर टांगलं. मी काही पेटेना. सकाळी चार पिल्लं गारठून मेलेली.

"फुकटात दिलं ते असलंच असणार," म्हणत रंभाबाईंनी डोळे पुसले. माझा जीव तुटत होता, पण मला बोलता येतंय कुठे?

त्यांची सून साधना उरवड्याच्या कारखान्यात सर्किटवर सुटे भाग बसवते. त्या दिवशी तिला सुट्टी होती. तिने माझा प्लग काढला, स्क्रू सोडवले आणि झाकण उघडलं. आजवर मला आतून कुणी पाहिलं नव्हतं. लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

"आत्या, ह्यो रिले. असले रोज दोनशे बसवते मी," एका काळ्या ठोकळ्यावर बोट ठेवून ती म्हणाली. "पण ह्यो करतो काय, ते आज कळतंय." माझ्या तळातल्या बटणापासून निघालेली वायर धरत ती त्या ठोकळ्यापर्यंत पोचली. "हीटर जमिनीवर टेकला तरच बटन दाबलं जातंय, आन् मगच रिले वीज सोडतोय. टांगल्यावर कसा पेटंल? बिघडला न्हाई ह्यो."

"मग बटन दाबून चिकटपट्टी लाव की."

"खाली तूस हाय, आत्या. तार तुटली तर समदी पिल्लं जळतील."

रंभाबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. चिकटपट्टी त्यांच्या हातातच होती.

साधनाने मला जोडून खुराड्याच्या जाळीबाहेर फरशीवर उभं केलं. टक् आवाज झाला, दांड्या लाल झाल्या आणि पिल्लं जाळीपाशी दाटीवाटीने बसली.

दोन दिवसांनी शेळी दावं सोडवून आत शिरली आणि तिने मला जाळीसकट तुसात लोळवलं. तळातलं बटण सुटलं आणि मी तिथल्या तिथे बंद पडलो. रंभाबाई धावत आल्या. तूस जरासं करपलं होतं, तेवढंच. त्यांनी पिल्लं मोजली, शेहेचाळीसच्या शेहेचाळीस. मग मला उचलून पदराने पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "माझ्याच हातानं जाळली असती रं मी."

मित्रांनो, यंत्र अडून बसलं म्हणून लगेच भंगारात टाकू नका. मोठ्या माणसाला सोबत घ्या, आधी प्लग काढा आणि ते का अडलंय ते बघा. माझं कारण तर शेहेचाळीस पिल्लांएवढं होतं.