लाइटवर कोण होतं

शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून नाटकमंडळीचा लाइटवाला फ्यूज पान्याने दिव्याचा नट सोडवत होता, तेव्हा खालून कुणीतरी विचारलं, "हे दिवे बंद कुठून होतात?"

त्याने वाकून बघितलं. सरकारी वकीलबाई होत्या. कोर्टात काळ्या कोटात बघितलेल्या, आज साध्या कपड्यांत, हातात चप्पल घेऊन उभ्या. हॉलच्या दारावर 'चप्पल बाहेर' असं लिहिलेलं होतं आणि त्यांनी ते पाळलं होतं, पण चप्पल बाहेर सोडायचा त्यांना भरवसा वाटला नसावा.

त्याने पान्याने मागच्या भिंतीकडे दाखवलं. तिथे माळ्यावर लाकडी खोली होती, पुढून उघडी. "तिथून. मी तिथे बसायचो."

हॉल तिसऱ्या मजल्यावर. खाली फर्निचरचं गोदाम, त्यामुळे इथे कायम पॉलिशचा वास. मालकाने नाटकमंडळीला जागा खाली करायला सांगितली होती, आणि कोणीच येत नव्हतं म्हणून फ्यूज एकटाच दिवे उतरवत होता. पहिल्याच दिवशी त्याने अख्ख्या इमारतीचा फ्यूज उडवला होता. तेव्हापासून हेच नाव. आता तर आईसुद्धा घरी फ्यूज म्हणूनच हाक मारायची.

तो खाली उतरला. वकीलबाई सरळ मुद्द्यावर आल्या. दादा, म्हणजे या मंडळीचे सर्वेसर्वा, तीस-चाळीस पोरापोरींचे गुरू, कोर्टात एवढंच म्हणत होते की ती हो म्हणाली. टाचणी, म्हणजे जिने दादांवर अत्याचाराची तक्रार केली ती नटी, तिनेही ते नाकारलं नव्हतं. मी हो म्हणाले, असंच तिने जबाबात लिहून दिलं होतं.

"दादांचा वकील तिला उभी करून विचारणार," बाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षांची बाई, दोन रुपयांवरून कंडक्टरशी भांडणारी. नाही म्हणायला काय झालं होतं? यावर ती मला एकच वाक्य सांगते. लाइट जाईना. मला ते कळत नाही. तुम्ही समजावून सांगा."

फ्यूज वायर कोपरावर गुंडाळायला लागला. हात चालू असले की त्याला बोलता यायचं.

इथे एक खेळ होता, त्याने सांगितलं. दादांनीच काढलेला. दोघांनी उजेडात उभं राहायचं. एकाने काहीतरी द्यायचं, दुसऱ्याने घ्यायचं. तो म्हणाला तू माझी आई, की तू आई. तो म्हणाला तू मेलीस, की तू मेलीस. उजेडात असेपर्यंत नाही म्हणायचं नाही. कुणी म्हणालंच तर बाकीचे पाय आपटत बाहेर, बाहेर म्हणायचे, आणि पुढच्या नाटकात त्याला काम मिळायचं नाही. लोक रडायचे, एकमेकांना ओरबाडायचे. दादा म्हणायचे, इथून पुढे अभिनय सुरू होतो. टाचणीसारखी तोंडाळ पोरगी, पण उजेडात एकदम सरळ. दादांना तिचं कौतुक होतं ते त्याचंच.

"आणि थांबवायचं कोणी?"

"मी."

वकीलबाईंनी माळ्याकडे बघितलं.

"खेळणाऱ्याने थांबायचं नसतं. लाइटवाल्याला वाटलं की पुरे झालं, कुणाचा चेहरा बिघडला, की त्याने हळूहळू अंधार करायचा. अंधार झाला की संपलं. मग त्यावर कोणी बोलायचं पण नाही. दादा म्हणायचे, वरून कुणीतरी बघतंय, सांभाळतंय, या भरवशावरच माणूस मोकळा होतो."

"तुम्ही आपल्या मनाने करायचात अंधार?"

"हो," तो म्हणाला. मग म्हणाला, "बहुतेक."

"आणि त्या संध्याकाळी लाइटवर कोण होतं?"

"कोणी नाही. दादा म्हणाले, आज नुसतं वाचन आहे, तू जा, लाइट मी बघतो."

"तिला माहीत होतं?"

फ्यूज माळ्याकडे वळला. जिना चढून वर गेला आणि उरलेला एकच दिवा लावला. वकीलबाई त्या उजेडात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरला, मान वर केली, थोडं डावीकडे सरकल्या, परत उजवीकडे.

"तुम्ही आहात का तिथे?" त्यांनी विचारलं.

तो तिथेच होता, दोन्ही हात कठड्यावर ठेवून.  बाई चेहरा वर करून तशाच उभ्या राहिल्या, आणि उजेडाने तो चेहरा इतका पांढरा केला होता की तो कोणाचाही असू शकला असता.

दिवा बंद करून तो खाली आला तेव्हा त्या चप्पल घालत होत्या, हॉलमध्येच. कायद्याला नुसता होकार पुरत नाही, त्या म्हणाल्या. तो कशासाठी दिला होता, आणि माघार घ्यायची सोय होती का, हे बघावं लागतं. तिचं 'नाही' दादांनी आधीच काढून घेतलं होतं, थांबवणाऱ्याला घरी पाठवलं होतं, आणि दोन्ही तिचा विश्वास वापरून. पण हे कोर्टात सांगायला माणूस पाहिजे. मंडळीतलं कोणी तयार नाही. दादांच्या समोर उभं राहून सांगाल का?

"बघतो," तो म्हणाला.

"अजून एक. याआधी कधी असं लवकर घरी पाठवलं होतं तुम्हाला?"

वायरचा वेढा कोपरावरून निसटला. त्याने तो परत घातला, तो परत निसटला.

"आठवत नाही."

बाईंनी त्याच्या हाताकडे बघितलं, मग कार्ड काढून शिडीच्या पायरीवर ठेवलं आणि गेल्या.

आठवत होतं. प्रश्न संपायच्या आधीच आठवलं होतं.

खाली गोदामाच्या दारात मिशा उभा होता. हा मंडळीतला सगळ्यात जुना नट, खोट्या मिशा लावून लावून खऱ्या ठेवायची हौसच गेलेला. त्याने फ्यूजच्या खांद्यावर हात टाकला. दादांनी तुला हाताला धरून काम शिकवलं, म्हणाला, तुझ्या बापाच्या मयताला खांदा दिला. तू काय बघितलंस? काहीच नाही. घरी होतास. मग घरी होतो म्हण आणि ये परत, त्यात खोटं काय आहे?

"कोर्टात फ्यूज उडवू नकोस म्हणजे झालं," असं म्हणून तो स्वतःच हसला.

खोटं काहीच नव्हतं. घरी जाताना सगळ्या रस्त्याने फ्यूज तेच घोळवत राहिला. घरी होतो. त्या दिवशीही घरी होतो, आणि त्याच्या कितीतरी आधी, त्या एका दिवशीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताईच्या दुकानात गेला. दुकान चष्म्यांचं होतं, ती तिथे नोकरीला. मोठी बहीण. तीच त्याला या मंडळीत घेऊन आली होती. तेव्हा तीच तिथली पहिली नटी होती. मग एक दिवस नाटक सोडलं आणि हळूहळू त्याच्याशी बोलणंही. भांडण नाही, तंटा नाही. लग्नाकार्यात जेवलास का एवढं विचारायची, ते पण दुसरीकडे बघत. घरच्यांनी ठरवून टाकलं होतं की तिला मुख्य भूमिका मिळाली नाही आणि हा मात्र दादांचा लाडका झाला, म्हणून पोटात दुखतंय. फ्यूजलाही ते पटलं होतं. आपल्यावर कोणी जळतंय, यात थोडं बरंही वाटलं होतं.

ताई एका फ्रेमची दांडी गरम हवेच्या यंत्रावर धरून फिरवत होती. त्याला बघून तिने मान हलवली, जशी कोणत्याही गिऱ्हाइकाला बघून हलवली असती.

"आई बरी आहे?"

"बरी आहे."

 काउंटरवरचा आरसा त्याने सरळ केला.

"वकीलबाई आल्या होत्या," तो म्हणाला. "विचारत होत्या, दादांनी आधी कधी मला लवकर घरी पाठवलं होतं का. मी काही सांगितलं नाही. तुला विचारल्याशिवाय कसं सांगू. तुझी एकटीची तालीम होती ना, आईला दवाखान्यात न्यायचं होतं त्या दिवशी. दादांनीच आठवण केली. म्हणाले, तू नीघ. मी निघालो."

दांडी हवेवर तशीच राहिली. प्लॅस्टिकचा वास यायला लागला.

"तू गेला होतास?" ताईने विचारलं.

"हो. तू कपडे बदलत होतीस तेव्हाच."

"लाइट चालू होती."

"ते म्हणाले, मी बघतो."

तिने यंत्र बंद केलं. फ्रेम काउंटरवर ठेवली. दांडी वितळून मऊ झाली होती, ती हळूहळू खाली वाकत गेली आणि दोघंही तिकडेच बघत राहिले.

"मी हाका मारल्या नाहीत," ताई म्हणाली. "मारायच्या नसतात ना. नुसती वर बघत होते. मला वाटलं, तू वरच आहेस, पण दादाला घाबरतोस. नोकरी जाईल म्हणून."

 मी असतो तर बंद केली असती, हे वाक्य फ्यूजच्या अगदी ओठांवर आलं होतं. आणि तिथेच अडलं, कारण अंधारातून वर झालेला दादांचा हात त्याला दिसला. थांब, अजून चालू दे. तो हात वर असताना त्याने एकदाही लाइट बंद केली नव्हती. कोणासाठीच नाही.

"असतास तर?" तिने विचारलं.



"माहीत नाही, ताई."

तिने मान हलवली. काउंटरच्या आतून गिऱ्हाइकाचं स्टूल ओढलं, त्याच्यासमोर ठेवलं. दुसरं स्वतःसाठी ओढलं. तो बसला.

"हेच सांग कोर्टात," ती म्हणाली. "जसंच्या तसं. माझं मी सांगेन."