चोख काम

मी सुरी बोलतेय. दचकू नका, माझ्या पात्याला धार नाही. मी रंग कालवायची सुरी. चित्रकाराच्या टेबलावर, कुंचल्यांच्या डब्याशेजारी माझी जागा. रंग कालवायचा आणि चुकलेला रंग खरवडून काढायचा, एवढंच मला येतं. यातल्या दुसऱ्या कामाबद्दल आज बोलायचं आहे.

माझा मालक कामाला भारी चोख. कॅनव्हास ताणताना एक सुरकुती राहिली तरी त्याला जेवण गोड लागायचं नाही. संध्याकाळी आधी मला टर्पेंटाइनने पुसायचा, मग स्वतःचे हात धुवायचा. एवढी काळजी आपली कधी घेतली नाही, असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

मग उठावाचे दिवस आले. मालकाने भिंतीएवढं चित्र काढायला घेतलं: पुढे थापी उंचावलेला गवंडी, मागे गर्दी. हा गवंडी शेजारचाच, मालकाचा बालमित्र. समोर उभा राहिला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. नाक जरा बरं काढ, बायको बघणार आहे, म्हणायचा. त्याच्या डाव्या भुवईत जुनी खोक होती. ती मनासारखी उतरायला तीन दिवस लागले. तो रंग मी कालवला होता. इतकं सुखाचं काम मला पुन्हा मिळालं नाही.

उठाव यशस्वी झाला. चित्र नव्या सरकारच्या सभागृहात लागलं. शाळाशाळांतून मुलं रांगेने बघायला आणली जायची, पुढारी त्याच्याखाली उभे राहून भाषणं ठोकायचे. गवंड्याला मात्र गप्प बसवेना. भर सभेत त्याने विचारलं, की चित्रात मी सगळ्यांच्या पुढे आहे, मग आत येताना मला दारात का अडवलं? लोक हसले. चार दिवसांनी त्याला बांधकामावरून उचलून नेलं. तो परत आला नाही.

चित्र आमच्या खोलीत परत आलं. सोबत एक अधिकारी होता. चेहरा बदला, म्हणाला, हसरा करा, कुणासारखाच दिसायला नको. वरून दोन हात मारले तरी भागेल.

त्याच दुपारी गवंड्याची बायको आली. सातवा महिना होता तिला.

"भावजी, आमच्याकडे ह्यांचा एकही फोटो नाही. बाळाला काय दाखवू?"

"वहिनी, माझ्या हातात काय आहे?" मालक म्हणाला.

हातात मी होते.

जाड रंगावर नवा रंग चढवला की पुढेमागे तडे जातात. दोन हात मारून मोकळं होणं मालकाच्या स्वभावातच नव्हतं. त्याने मला टेकवलं आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं खरवडून काढलं. उरलंसुरलं टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसलं. भुवईतली खोक काढायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. मला तेव्हा मोडून पडता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या जागी हसरा चेहरा रंगवून चित्र पुन्हा सभागृहात गेलं. अठरा वर्षांनी तेही सरकार गेलं. सभागृहातली चित्रं रस्त्यावर आली. मालकाने आपलं उचलून आणलं. गवंड्याची बायको लेकीला घेऊन आली.

"वरचा रंग काढला की खालचा दिसतो म्हणे, भावजी."

खाली काही नाही हे त्याला ठाऊक होतं, मलाही. पण नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याने मला उचललं. हसरा चेहरा पापुद्र्यांनी गळून पडला आणि खाली कोरा कॅनव्हास निघाला.

"इथे काहीच नव्हतं का?" मुलीने विचारलं.

"होतं," मालक म्हणाला. "मी नीट काढलं."

मुलीने थापी धरलेल्या हाताला हात लावून पाहिला. तेवढाच तिचा बाप उरला होता. लेकीचं मनगट धरून मायने तिला बाहेर नेलं.

आता मालक रंग कालवत नाही. मी डब्यांची झाकणं उघडते, पात्यावर गंज धरलाय. माझं एकच मागणं आहे. कुणाला पुसून टाकायचा हुकूम तुम्हाला कधी आलाच आणि तो मोडायची हिंमत झाली नाही, तर निदान काम चोख करू नका.