चपलांच्या मधली वाट

दवाखान्याच्या दारात रूबी थांबली आणि काही केल्या पुढे पाऊल टाकेना. लीनाने पट्टा सैल सोडून पुन्हा हाक मारली. वर्षभराची ती पिवळसर लॅब्रॅडॉर कुत्री पायरीवरच्या चपलांकडे पाहत शांतपणे खाली बसली.

"रहिमतुल्लाभाई, ही घाबरलेली नाही. हिला कुणीतरी शिकवलंय."

"आमीच शिकवलंय," रहिमतुल्ला खाली पाहत म्हणाले.

रत्नागिरीच्या टेक्निकलमध्ये शिकलेले रहिमतुल्ला आखातातल्या मनामा शहरात एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपचे फोरमन होते. लीनाच्या घरी कामाला गेले असता त्यांना कळले, की अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची पिल्ले ती काही कुटुंबांकडे वाढवायला देते आणि पुढे परदेशातील प्रशिक्षण केंद्राकडे पाठवते. त्यांचा मेहुणा शब्बीर तरुणपणीच दृष्टी गमावून बसला होता. म्हणूनच पत्नी शरीफुन्निसा तयार झाली. अट एकच होती: शहराच्या झिंज भागातल्या त्यांच्या बैठ्या घरात नमाजाची जागा दाराला लागूनच असल्याने रूबीने चपलांची रांग ओलांडायची नाही. रहिमतुल्लांनी तो धडा आपल्या शिस्तीने पक्का करून घेतला होता.

"पुढच्या महिन्यात एक्झामिनर येतील," लीना म्हणाली. "चपला दिसल्या की बसणार असेल, तर नापास. आंधळ्या माणसाला ही दाराबाहेरच ठेवील."

घरी येऊन त्यांनी हे वाक्य जसेच्या तसे सांगितले. शरीफुन्निसा भाजी निवडायची थांबली.

"शब्बीर लग्नघरात गेला का तसाच बसतो," ती म्हणाली. "पायरीवर. कुणी हात धरीपर्यंत."

ती उठली. रांगेतल्या चपला तिने दोन्ही भिंतींकडे सारल्या, नमाजाच्या मुसल्ल्याची चटई आतल्या खोलीत नेली आणि दारात उभी राहिली.

"ये गो बाय. ये आत."

रूबीने रहिमतुल्लांकडे पाहिले.

"त्यांच्याकडं काय बगतेस? घर माजं हाय!"

रूबी बिचकत आत आली आणि तिने ओले नाक शरीफुन्निसाच्या तळहातात खुपसले. शरीफुन्निसा हसली, मग नळाशी जाऊन तिने पुदिन्याच्या डब्यातली चिमूटभर माती हाताला चोळली. त्यांच्या रिवाजाप्रमाणे कुत्र्याची लाळ लागलेला हात सात वेळा धुवायचा होता, त्यांपैकी एकदा मातीने.

"अवो, बगत काय ऱ्हायलात? पाणी सोडा. हेबी तुमच्या टेक्निकलमध्ये शिकवला नाय?"

महिनाभर हेच चालले. रूबी आत येई, शरीफुन्निसा न कुरकुरता हात धुई. परीक्षेच्या दिवशी रूबी त्याच दवाखान्यात चपलांमधून वाट काढत आत गेली. आठवड्याभरात तिला विमानाने पाठवले. निघताना ती पिंजऱ्यात मुकाट्याने शिरली, याचेच रहिमतुल्लांना अधिक वाईट वाटले.

पुढच्या हिवाळ्यात लीनाचा फोन आला. रूबी एका अंध मास्तरांना मिळाली होती. पहिल्याच दिवशी ते तिच्यासोबत, कुणाचाही हात न धरता, शाळेत गेले होते.

"आत गेली ना? दाराशी नाय ना बसली?" शरीफुन्निसाने विचारले.

"थेट वर्गात, भाभी."

"शुक्र हाय अल्लाचा. आणि लीनाबाय, तुमचेबी लई उपकार. आमच्या दारात आणलीत तिला."

संध्याकाळी रहिमतुल्ला कामावरून परतले. दाराशी चपला दोन्ही भिंतींना टेकून होत्या. मधली, एका कुत्रीपुरती वाट मोकळी होती. त्यांनी वाकून आपले बूट काढले आणि भिंतीकडे, आणखी जरा सारून ठेवले.