जुमागुलचे कललेले खांब

ममासालि अगायांच्या नजरेची उझगेनमध्ये ख्याती होती. कुणाच्या घरी जेवायला बसले आणि भिंतीवरची तसबीर दोऱ्याएवढी जरी कललेली दिसली, तरी ते हातातला घास खाली ठेवत, उठून ती सरळ करत आणि मगच पुढे जेवत. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत मुलांना भूमितीच्या आकृत्या शिकवल्या होत्या. शाळा सुटून नऊ वर्षं झाली, तरी गाव त्यांना अगाय, म्हणजे गुरुजीच, म्हणत असे. माणूस सरळ, नमाजाला चुकणार नाही, कुणाचं वाईट चिंतणार नाही. पण देवानं एखादा गुण दिला की त्याच्या मागोमाग त्या गुणाचा तोराही येऊन बसतो, आणि तो कधी आला ते घरमालकाला कळत नाही.

संस्कृतिभवनाच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी छायाचित्रांचं मंडळ भरायचं. दहा-अकरा माणसं, एक लाकडी घोडी, तिच्यावर ठेवलेलं चित्र आणि समोर अर्धवर्तुळात खुर्च्या. बोलण्याची रीत अगायांनीच घालून दिली होती. आधी गोड, मग खारट, मग औषध: चित्रात चांगलं काय ते आधी सांगायचं, मग चूक, आणि चूक सांगितली की उपायही सांगायचा. आणि ज्याचं चित्र असेल त्यानं चहा येईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

"चित्राला बोलू द्या," अगाय म्हणत. "चित्रानं सांगितलं नाही ते तुम्ही सांगून काय उपयोग?"

ही रीत चांगलीच होती. तिच्यामुळे भांडणं मिटली होती, नवखे शिकले होते. नानवाला शुखरात सुरुवातीला स्वतःच्या तंदूरचेच फोटो आणायचा, तो आता बाजारातल्या म्हाताऱ्यांचे चेहरे असे टिपायचा की बघत राहावं.

जुमागुल दोन वर्षांपूर्वी मंडळात आली. कोशतेरेक गावच्या दवाखान्यात ती परिचारिका होती. नवरा रशियात कामाला. घरी सासू सेयिल आणि दोन मुली. नवऱ्यानं धाडलेला कॅमेरा गळ्यात घालून ती पहिल्यांदा आली, तेव्हा दाराशीच उभी राहिली होती. अगायांनीच तिला आत बोलावून पुढच्या खुर्चीत बसवलं होतं.

फेब्रुवारीत तिनं आपल्या गल्लीचं चित्र आणलं. गावाच्या पुलापलीकडून घेतलेलं: पुढे गुरांची पाण्याची डोण, मध्ये सात घरं आणि शेजाऱ्याच्या गोठ्याचं धुराडं, मागे टेकडीचा उतार, आणि त्या उतारावरून वर चढत गेलेले विजेचे पाच खांब.

"बर्फावरचं ऊन सुंदर आलंय," अगाय म्हणाले. हे गोड. "पण खांब उजवीकडे कललेत. हात वाकडा धरलास, पोरी." हे खारट. "दर महिन्याला याच जागेवरून काढ. पायाखाली एक दगड रोवून ठेव. जागा तीच, उजेड वेगळा. हात बसेल."

मार्चमध्ये ती पुन्हा तेच चित्र घेऊन आली. दगड रोवला होता, जागा तीच होती. बर्फ वितळून गवत दिसायला लागलं होतं. खांब कललेलेच.

"परत तेच," अगाय म्हणाले. आवाज प्रेमाचा होता, पण कुणीतरी हसलं, आणि जुमागुलनं खाली पाहिलं. "माझा ट्रायपॉड घेऊन जा. त्याला पाणसळ आहे. बुडबुडा मधोमध आला की कॅमेरा सरळ. आणि वर गवतात ही काळी रेघ दिसते, ओरखड्यासारखी, ती नजर ओढून घेते. वरून दोन बोटं कापून टाक."

तिनं मान हलवली. रीत होती. चहा आला तेव्हा ती मुली वाट बघत असतील म्हणून उठून गेली.

एप्रिलचा पहिला रविवार उजाडला तो सलग नऊ दिवसांच्या पावसानंतर. त्या दिवशी जुमागुलनं घोडीवर दोन चित्रं ठेवली. दोन्ही तीच, आठ दिवसांपूर्वी काढलेली. पहिल्यात खांब ओळंब्यात उभे होते.

"आता कसं," अगाय खुशीत म्हणाले. "बघितलंत? तीन महिने लागले, पण खांब ताठ झाले."

निना पेत्रोव्हना खिडकीजवळ बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई. तीस वर्षं त्यांनी फोटोच्या दुकानात निगेटिव्हच्या काचेवर गिऱ्हाइकांच्या सुरकुत्या खोडल्या होत्या. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "खांब ताठ झाले, अगाय, पण डोणीतलं पाणी आता सांडायला आलंय. गाईंना मान वाकडी करून प्यावं लागणार."

सगळे हसले. शुखरात सर्वांत जास्त हसला आणि मग कान पकडून म्हणाला, "ते माझं पाप. ही काल दुकानात आली, म्हणाली, भाऊ, अगाय परत रागावतील, हे खांब तेवढे सरळ करून दे. मी संगणकावर सगळं चित्रच फिरवलं. खांब बघितले, पाणी कोण बघतंय."

अगायही हसले. हसत हसतच उठले आणि दुसऱ्या चित्राजवळ गेले, मूळच्या, न फिरवलेल्या. त्यात डोणीतलं पाणी चौकटीच्या खालच्या कडेला अगदी समांतर होतं. बुडबुडा मधोमध होता तर. कॅमेरा सरळ होता. पाण्याला कुणी शिकवावं लागत नाही. देवानं त्याला सपाट राहायला सांगितलं, ते सपाट राहतं.

आणि खांब कललेले होते.

अगायांचं हसू कुठे गेलं ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी कपाट उघडून फेब्रुवारीचं आणि मार्चचं चित्र काढलं, तिन्ही टेबलावर ओळीनं मांडली आणि कोनमापक घेतला. डोणीतल्या पाण्याला काटकोन धरून तिसऱ्या खांबाचा कल मोजला. फेब्रुवारीत चार अंश. मार्चमध्ये सहा. एप्रिलमध्ये अकरा.

शेजारच्या खोलीत बुद्धिबळाची सोंगटी पटावर आपटल्याचा आवाज आला.

"जुमागुल," अगाय म्हणाले, "बोल."

"चहा यायचाय अजून, अगाय."

"राहू दे चहा. ती वरची काळी रेघ कुठंय?"

"तुम्हीच कापायला सांगितलीत."

"कापायच्या आधीचं दाखव."

तिनं कॅमेरा सुरू करून पुढे केला. छोट्या पडद्यावर टेकडीचा माथा दिसत होता. मार्चमध्ये जो ओरखडा होता, तो आता चर झाला होता. त्यात एक मेंढी आडवी मावली असती.

"घरी काही वेगळं जाणवतं?" त्यांनी विचारलं. विचारताना त्यांना आपलाच आवाज परका वाटला.

"मागचं दार लागत नाही. एने म्हणतात, घर माझ्यासारखं म्हातारं झालंय, कुरकुरणारच." एने म्हणजे तिची सासू. "झऱ्याचं पाणी पंधरा दिवस गढूळ येतंय. मला वाटलं होतं एकदा... पण तुम्ही म्हणालात हात वाकडा आहे. मग म्हटलं, हातच वाकडा असणार."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला बसलेल्याला आपल्या डोळ्यातलं मुसळ असं अचानक सापडतं. अगाय मटकन खुर्चीत बसले, आणि लगेच उठले. बसायला वेळ नव्हता.

"आत्ता घरी कोण आहे?"

"एने. आणि दोघी मुली."

तिनं फोन लावला आणि मुलींना घेऊन पुलावर जायला सांगितलं. पलीकडून सेयिलचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. गाय व्यायला झालीय, चहाला समोवर पेटवलाय, पोरी झोपल्यात. आणि ह्या वेळी पुलावर जाऊन काय करायचं, मासे धरायचे? जुमागुल रडवेली झाली. अगायांनी हात पुढे करून फोन घेतला आणि तिला एजे, म्हणजे ताई, अशी हाक मारली.

"सेयिल-एजे, मी ममासालि बोलतो. उझगेनचा मास्तर."

"कोण मास्तर?"

"तुमच्या सुनेचा हात वाकडा म्हणणारा."

म्हातारी म्हणाली, "अच्छा, ते तुम्ही. दर महिन्याला येते आणि चुलीपुढे बसून डोळे पुसते. चांगलं शिकवता."

"ते चुकलं माझं. तिचा हात सरळ होता. तुमची टेकडी सरकतेय, एजे. मुलींना उठवा, गाय सोडा आणि पूल ओलांडून या. मला शिव्या पुलावर द्या, मी येतोच आहे तिथं."

"मास्तर," म्हातारीचा आवाज खाली आला, "रात्रीपासून मागच्या भिंतीत काहीतरी बोलतंय. मला वाटलं, उंदीर."

शुखरातची पावाची गाडी खालीच उभी होती. पुढे शुखरात आणि जुमागुल, मागे रिकाम्या फळ्यांमध्ये अगाय आणि निना पेत्रोव्हना. "तुम्ही कशाला येता?" असं त्यांना कुणी विचारलं, तर म्हणाल्या, "खोडण्यात आयुष्य गेलं माझं. आज काय खरं आहे ते बघते." वाटेत अगायांनी मदत-पथकाला तीनदा फोन केला. पलीकडचा माणूस सभ्य होता. अर्ज लिहून घेतला, माणसं सकाळी पाठवतो म्हणाला. अगाय ओठांतल्या ओठांत दुआ म्हणत होते आणि प्रत्येक वळणावर मधेच थांबून पुढचा शब्द विसरत होते.

पुलावर सेयिल उभी होती. दोन नाती शालीत गुंडाळलेल्या, गाय दोरीला. पण बाकीची सहा घरं आपापल्या जागी होती, धूर निघत होता, एका अंगणात कुणी लाकडं फोडत होतं. गावचे वडीलधारे बायिश अक्साकाल काठी टेकत पुलाशी आले. मागे चार-पाच बाया, हसू आवरत.

"या, मास्तर," बायिश म्हणाले. "ऐकलं मी. आमच्या डोंगराला ताठ उभं राहायला शिकवायला आलात म्हणे. बसा, आधी चहा घ्या. डोंगर म्हातारा आहे, धडा उशिरा समजतो त्याला."

"अक्साकाल, तीन महिने मी चूक तेच सांगितलं, आणि लोकांनी ऐकलं," अगाय म्हणाले. "आज पाच मिनिटं खरं सांगतो, ते ऐका. मग हाकलून द्या."

जुमागुलनं रोवलेला दगड डोणीजवळ होता. त्यावर नेम धरून तिनं सोबत आणलेला अगायांचा ट्रायपॉड उभा केला, बुडबुडा मधोमध आणला. अगायांनी आठ दिवसांपूर्वीचं चित्र बायिशच्या हातात दिलं.

"हे गोठ्याचं धुराडं. ह्याच्या डावीकडे तिसरा खांब. दोन्हींच्या मधे किती जागा आहे?"

"बोटभर."

"आता कॅमेऱ्यातून बघा. ह्याच दगडावरून, त्याच उंचीवरून."

बायिशनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग टोपी काढली, डोळे पुसले आणि पुन्हा लावला. तिसरा खांब दिसत नव्हता. तो पूर्णपणे धुराड्यामागे गेला होता.

"हे चित्र कधीचं म्हणालात?"

"आठ दिवसांचं."

बायांचं हसू तिथंच थांबलं. बायिश वळले आणि काठीनं पहिल्या घराचं फाटक ठोकू लागले, मग दुसऱ्याचं. त्यांचा आवाज गल्लीत घुमला: भांडी राहू द्या, गाद्या राहू द्या, पोरं उचला. शुखरात एका आंधळ्या म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन आला. निना पेत्रोव्हना पुलाच्या तोंडाशी उभ्या राहून प्रत्येक डोक्यावर बोट ठेवून मोजत होत्या. माणसं यायला तयार नव्हती असं नाही. पण कुणी कुराणासाठी परत वळलं, कुणी लेकीच्या लग्नाच्या पेटीसाठी. एकेकाला दोनदा आणावं लागलं. माणसाचा जीव घरात किती ठिकाणी अडकलेला असतो, ते अशा वेळी कळतं.

"सदतीस," निना पेत्रोव्हना म्हणाल्या. "किती असतात?"

"अडतीस," बायिश म्हणाले.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नावं घेतली गेली. शेवटच्या घरची आयनुरा नव्हती. ती कोंबड्या पकडायला मागे गेली होती. बायिश स्वतःच निघाले होते, तेवढ्यात ती गल्लीतून पळत येताना दिसली. दोन्ही काखेत एकेक कोंबडी, अनवाणी, तोंडानं काहीतरी ओरडत. पण ती काय म्हणतेय ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

जुमागुल कॅमेऱ्याला डोळा लावूनच होती.

"अगाय," ती हळूच म्हणाली. "खांब दिसायला लागला."

"धुराड्यामागून?"

"हो. पण उजवीकडून. धुराडं ओलांडून आलाय तो." ती थांबली. "अजून येतोय. मी बघतेय तेव्हाच येतोय."

आयनुरानं पुलावर पाऊल ठेवलं. अगायांनी जुमागुलच्या धाकट्या मुलीला कडेवर उचललं आणि सगळ्यांना शाळेच्या चढाकडे ढकलायला सुरुवात केली, आणखी वर, आणखी लांब. जुमागुलला त्यांनी दंडाला धरून ओढलं तेव्हा कुठे तिनं कॅमेरा सोडला. गाय मात्र चढ चढेना, चारी पाय रोवून थांबली होती आणि तिचं अंग शहारत होतं. सेयिल तिच्या मानेला मिठी मारून कानात काहीतरी सांगत होती.

मग आवाज आला. तो आवाज आहे हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण तो कानांत न येता तळपायांतून वर आला.